गाडी गॅरेजला, आज केएमटी

गाडी गॅरेजला, म्हणून आज गंगावेशपासून शिरोलीपर्यंत केएमटीनं, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सिटी बसनं. खिडकीची जागा मिळाली आणि रोजचाच रस्ता निवांत बघायला मिळाला. बाईकवर असलं की लक्ष सगळं खड्ड्यांत!

दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा, व्हीनस कॉर्नर, मग सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक. तिथं निम्मी बस उतरली आणि दुप्पट चढली. कंडक्टर ओरडतोय, "मावशी, पुढं सरका की जरा!" मावशी तेवढ्याच जोरात, "पुढं कुठं, ड्रायव्हरच्या मांडीवर बसू का?" मावशींच्या पाटीतली मेथी माझ्या गुडघ्यावर. उतरेपर्यंत पँटला वास.

कावळा नाक्याला घोड्यावरच्या ताराराणी. फोनच्या मॅपमधली बाई ताराराणी चौक म्हणते, तिकीट मात्र सगळे कावळा नाक्याचंच मागतात. तिथनं तावडे हॉटेलपर्यंत ट्रॅफिक म्हणजे नुसता वैताग. गांधीनगरच्या कापडबाजाराला जाणारी निम्मी बस तिथं रिकामी झाली.

हायवेला पंचगंगेवर आलो की माझी नजर आपोआप खाली पाण्याकडं जाते. 2019 आणि 2021 च्या महापुरात याच पट्ट्यात हायवे पाण्याखाली गेला, ट्रकच्या रांगा लागल्या. तेव्हापासून पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी घरातल्या पोरांनाबी पाठ: 39 फुटाला इशारा, 43 ला धोका.

सांगली फाट्याच्या अलीकडंच उतरलो. मावशींनी जाताना मेथीची एक जुडी हातात कोंबली, पैसे घेईनात. बायकोला वाटलं, मी चक्क आठवणीनं भाजी आणली. मीबी काय बोललो नाही.