सायलेन्सरचे फटाके: हेडरपासून पायलट जेटपर्यंत

गाडी २०११ साली बाजारात आलेल्या हिरो इम्पल्सच्या पिढीतली, कार्ब्युरेटरची. तिला हेडरसकट (हेडर म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतचा पाइप) फ्री-फ्लो एक्झॉस्ट आणि फोमचा एअर फिल्टर बसवला. उसाच्या पाणंदीतल्या भुसभुशीत मातीत गाडी आता खालच्या रेसलाही मोकळी ओढते, त्यामुळे पार्ट घेतल्याचं समाधान आहे. पण थ्रॉटल सोडला की सायलेन्सर फटाके मारायला लागला. पन्हाळ्याहून वाघबीळकडे उतरताना गाडी गिअरमध्ये आणि थ्रॉटल बंद असला की एकसारखा फटफटाट.

पाना हातात घेण्याआधी आवाज नेमका कधी येतो ते नीट पाहिलं. रेस वाढवताना गाडी स्वच्छ चालते, कार्बच्या तोंडातून शिंकत नाही. फटाके फक्त थ्रॉटल बंद केल्यावर, आणि गार सकाळी जास्त. गार हवा घट्ट असते, म्हणजे तेवढ्याच पेट्रोलला हवा जास्त मिळते. संशय लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असलेल्या, मिश्रणाकडे गेला तो इथूनच.

थ्रॉटल बंद झाला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम वाढतो, सिलिंडरमध्ये मिश्रण थोडंच येतं आणि तेही पातळ. ते दर वेळी पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल तसंच हेडरमध्ये जातं, तिथे त्याला बाहेरची ताजी हवा मिळाली की तापलेल्या पाइपमध्ये भडका उडतो. म्हणजे फटाक्याला दोन गोष्टी लागतात: न जळलेलं पेट्रोल आणि चोरवाटेने आलेली हवा. स्टॉक सायलेन्सरच्या पोटातले पडदे हा आवाज बराचसा गिळतात, फ्री-फ्लो गिळत नाही.

कट्ट्यावर सगळ्यांचा सल्ला एकच, "मेन जेट वाढव भावा, गप्प होईल." मला तो पटत नाही. जेट म्हणजे कार्बमध्ये पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र. मेन जेटचं राज्य थ्रॉटल बराच उघडल्यावर सुरू होतं. बंद थ्रॉटलला गाडी पायलट जेटवर चालते. मेन जेट वाढवून वरच्या रेसला गाडी गुदमरेल आणि फटाके आहेत तिथेच राहतील. आणि जेटला हात लावायच्याही आधी लीकेज शोधायला हवं, कारण हवा बाहेरून शिरत असेल तर कितीही जेटिंग करा, हिशेब जुळत नाही.

लीकेजची परीक्षा फुकटात होते. इंजिन थंड असताना सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावायचा, गाडी चालू करायची आणि सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओला फडका क्षणभर दाबून धरायचा. मागचा जोड कोरडा राहिला. सिलिंडर हेडपाशी मात्र उजव्या नटाखाली बारीक बुडबुडे फुटायला लागले, एका लयीत, इंजिनच्या ठोक्याबरोबर. हेडर उतरवल्यावर तिथेच काजळीची केसाएवढी काळी रेघ दिसली. जिथून गॅस बाहेर येतो तिथूनच, आतला दाब कमी झाला की, हवा आत ओढली जाते.

तांब्याचं गॅस्केट नवंच होतं, मग फ्लँजवर, म्हणजे हेडरच्या हेडला बसणाऱ्या तोंडाच्या पट्टीवर, नजर गेली. शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांकडे ती सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट लादीवर, ठेवली. एका बाजूने फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सहज आत सरकलं. वेल्डिंगच्या ताणाने तोंड वाकलं होतं. मामांनी लेथवर लावून अगदी हलका कट मारला आणि प्लेटवर पुन्हा ठेवून दाखवली, गेज कुठूनच जाईना. उद्यमनगर हाताशी असणं हे कोल्हापूरच्या गाडीवेड्यांचं खरं भाग्य आहे. नवं गॅस्केट टाकलं, दोन्ही नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळले, आणि इंजिन एकदा तापून गार झाल्यावर पुन्हा एकदा. हे दुसरं आवळणं सोडू नका, तांबं तापून बसतं आणि नट सैल पडतात.

एवढ्यावर फटफटाट निम्म्याहून कमी झाला. कार्ब आणि हेडमधल्या रबरी बूटवर कार्ब क्लीनरचा फवारा मारून पाहिला, आयडलिंग जराही हललं नाही, म्हणजे ती बाजू चोख. (इंजिन थंड असतानाच मारा, हा फवारा पेटतो.) ज्यांच्या गाडीला एअर सक्शन व्हॉल्व्ह आहे त्यांनी त्याची व्हॅक्यूमची नळीही तपासावी. थ्रॉटल बंद झाल्यावर एक्झॉस्टमध्ये जाणारी हवा तोडणं हेच त्या व्हॉल्व्हचं काम. नळी चिरली की तो उघडाच राहतो आणि फटाके सुरू.

उरलेलं दुखणं मिश्रणाचं. फिल्टर आणि एक्झॉस्टने हवा मोकळी केलीच, वर पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला १३.५ च्या आसपास. तोच जुना जेट, तीच हवा, म्हणजे गाडी आपोआप लीन. आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासून कारखाने इथेनॉल काढतात, तेव्हा कार्बवाल्यांनी हा हिशेब अंगवळणी पाडून घेतलेला बरा.

माझ्या कार्बचा पायलट स्क्रू इंजिनच्या बाजूला आहे, म्हणजे बाहेर सोडला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त). फिल्टरच्या बाजूला असेल तर उलट, ते आधी पाहून घ्या. गरम इंजिनवर स्क्रू सोडत गेलो, तर तीन आटे ओलांडल्यावरही आयडलिंग सुधारतच होतं. हा जेट लहान पडत असल्याचा पुरावा. एका पायरीने मोठा पायलट जेट टाकला. आता दोन आट्यांच्या जरा पुढे गाडी घड्याळासारखी आयडल होते आणि थ्रॉटल सोडल्यावर रेस लटकून राहत नाही.

आजची स्थिती: त्याच उतारावर फटफटाट गेला. वरच्या रेसवरून एकदम थ्रॉटल सोडला तर एखादा दबका फटका येतो. तो मारण्यासाठी आणखी रिच करणार नाही, प्लग काळा पडेल आणि खालची ओढ जाईल. आवाज दाबणारा डीबी किलर आतच आहे आणि राहील; गावातून जाताना लोकांच्या कानांचा विचार हवाच, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजासाठी दंडही होतो. पुढचं काम टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट. एक्झॉस्टचा गॅप कमी असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि असाच फटका देतो, म्हणून गार इंजिनवर गॅप मोजून इथेच आकडे लिहीन. फॅब्रिकेटेड हेडर घेतलेल्यांनी तोपर्यंत फ्लँज सपाट काचेवर ठेवून खालून उजेड दिसतो का ते बघा आणि स्क्रू किती आट्यांवर बसला ते कळवा.