आमची वाटचाल : सहाशे फ्रेम, बाराशे चाकं

आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवून देणारी आमची पेढी किती जुनी, असं कोणी विचारलं की मी टाइपरायटर दाखवतो. पाच कार्बन घालून मालाचं कस्टम्ससाठीचं घोषणापत्र टाइप करायचं आणि सहावी प्रतसुद्धा कस्टम्सच्या साहेबांना चष्मा न पुसता वाचता आली पाहिजे, अशी आमची पद्धत होती. हार्मोनाइज्ड सिस्टीम, म्हणजे प्रत्येक मालाला वर्गीकरणाचा आकडा देणारी आंतरराष्ट्रीय पद्धत, 1 जानेवारी 1988 रोजी लागू झाली. त्या वेळी मी आणि माझा भागीदार दुसऱ्याच्या पेढीत नोकरी करत होतो. जुन्या ब्रुसेल्स नामावलीतली चार आकडी शीर्षकं आम्हाला तोंडपाठ होती. सहा आकड्यांवर बोटं बसायला दोन वर्षं लागली आणि तेवढ्यात आम्ही आमची पाटी लावलीही.

भागीदार मूळचा टॅली क्लार्क. जहाजाच्या हॅचजवळ उभं राहून गोणी मोजण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. कचेरीत तो अर्धा तास बसला तरी अस्वस्थ व्हायचा, आणि मला यार्डातल्या उन्हात उभं राहवत नसे. म्हणून कागद माझे, माल त्याचा. आमच्यात लेखी करार झाला तो फक्त बँकेने मागितला म्हणून.

कंटेनरचा नंबर तपासायला मला त्यानेच शिकवलं. चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला सातवा आकडा. आज संगणक क्षणात सांगतो, पण तो खडूने कंटेनरच्या दारावरच हिशेब मांडायचा. ए म्हणजे 10, बी म्हणजे 12. 11 आणि त्याच्या पटीतले 22, 33 सोडून द्यायचे, असं करत झेडपर्यंत जायचं. मग पहिल्या खुणेला एकने गुणायचं, दुसऱ्या खुणेला दोनने, तिसऱ्या खुणेला चारने, पुढे दरवेळी दुप्पट. बेरजेला 11 ने भागलं की उरेल तो तपासणीचा आकडा. बाकी 10 उरली तर शून्य धरतात, म्हणूनच असे नंबर कंटेनरला देऊ नयेत, असं कंटेनर नंबरांच्या आंतरराष्ट्रीय मानकातच सुचवलेलं आहे. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या यादीत, एक आकडा चुकला की कस्टम्सच्या लेखी तो कंटेनर उतरलेलाच नसतो. तुम्ही यार्डात त्याला हात लावून उभे असलात तरी नसतो. माझ्या टेबलावर आलेला प्रत्येक बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) मी आजही आधी या हिशेबातून काढतो, मग मालाचं वर्णन वाचतो.

शिक्क्यांचा खण, पितळी पंच, सीलचे नंबर वाचायचं भिंग, बोल्ट सील तोडायचा लांब दांड्यांचा कटर हे सगळं अजून आहे. कटरला भागीदार दर महिन्याला तेल द्यायचा. सील तोडण्याआधी नंबर मोठ्याने वाचायचा, दोघांनी लिहायचा आणि मगच दाब द्यायचा. नव्या मुलांना मी अजून हेच करायला लावतो. तुटलेल्या सीलचा नंबर नंतर आठवून सांगणाऱ्यावर कोणताही अधिकारी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

पहिली काही वर्षं काम वाढत गेलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

मग सायकलींचा आयातदार आला. माल सायकलचे सुटे भाग, शीर्षक 8714. आमच्याकडे एकच बीएल दिला होता, फ्रेम आणि फोर्कचा. दोन खेपा आम्ही सोडवल्या. तिसऱ्या खेपेला भागीदार तपासणीसाठी यार्डात गेला. शेजारी उभे असलेले दोन कंटेनर त्याच जहाजातून आलेले, त्याच आयातदाराच्या नावाचे, फक्त कागद आमच्या समोरच्या पेढीकडे. त्यांचीही तपासणी चालू होती. त्याने सवयीने मोजलं. आमच्याकडे सहाशे फ्रेम. त्यांच्याकडे बाराशे चाकं, सहाशे हँडल, सहाशे सीट, सहाशे साखळ्या. संध्याकाळी तो कचेरीत आला, माझ्यासमोर टॅलीचा कागद ठेवला आणि म्हणाला, “अरे, या सायकली आहेत.”

या धंद्यातल्या कोणाला यापुढे काही सांगायला नको. वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियमांतला दुसरा नियम, पोटभाग अ : न जोडलेल्या अवस्थेत सादर झालेली पूर्ण वस्तू ही ती वस्तूच समजायची. खोक्यात आली काय आणि दांडीवर बसून आली काय, सायकल ही सायकलच, शीर्षक 8712. एकाच जहाजातून, एकाच माणसासाठी, एकाच दिवशी आलेला माल तीन बीएल आणि तीन इन्व्हॉइसमध्ये वाटला की त्याचं रूप बदलतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो नियम शांतपणे वाचावा. भागावरची ड्युटी आणि पूर्ण सायकलवरची ड्युटी यांत फरक होता, म्हणूनच हा सगळा खटाटोप चालला होता.

मी आयातदाराला बोलावलं आणि तिसरं घोषणापत्र आम्ही 8714 वर भरणार नाही, असं सांगितलं. तो म्हणाला, “समोरचे भरतात ना.” आणि कागद उचलून गेला.

आम्ही तेवढ्यावर थांबलो असतो तर चाललं असतं, असं मला पुढे अनेकांनी ऐकवलं. पण आधीच्या दोन घोषणापत्रांवर सही माझी होती. आम्ही दोघं रात्रभर बसलो आणि सकाळी कस्टम्समध्ये जाऊन दोन्ही दुरुस्तीसाठी दिली. फरकाची ड्युटी निघाली, त्यावर व्याज निघालं. आयातदाराने हात वर केले. घोषणापत्र त्याच्या मालाचं असलं तरी आम्ही ते आमच्या नावाने भरलं होतं, त्यामुळे जबाबदारी आमच्यावरही होती. कस्टम्सकडे ठेवलेल्या आमच्या हमीतून पैसे वळते झाले. हमी पुन्हा भरेपर्यंत नवं घोषणापत्र घेता येईना. हातातले चार कंटेनर यार्डात अडकले. बिनभाड्याचे मोकळे दिवस संपले, यार्डात माल पडून राहिल्याचं बंदराचं भाडं म्हणजे डिमरेज सुरू झालं, आणि रिकामे कंटेनर वेळेत परत न गेल्याने जहाज कंपनीचा आकार म्हणजे डिटेंशनही. ही दोन मीटरं वेगळी असतात आणि एकाच वेळी चालतात, हे नवीन माणसाला पहिल्या बिलापर्यंत कळत नाही. आम्हाला माहीत होतं, तरी काही करता आलं नाही.

खरा घाव पुढे बसला. समोरच्या पेढीने बाजारात एकच वाक्य फिरवलं, “ते स्वतःच्या ग्राहकाला पकडून देतात.” त्यांच्या माणसांनी ते आमच्या प्रत्येक ग्राहकाकडे पोहोचवलं. आमचे तेवीस ग्राहक होते, सहा महिन्यांत आठ उरले. ज्यांच्यासाठी आम्ही रात्री अकराला कस्टम्सच्या दारात उभे राहिलो, त्यांनी फोन घेणं बंद केलं. एकाने तर आमच्याकडचे मूळ बीएल शिपायाकरवी मागवून घेतले, स्वतः आला नाही. इतक्या वर्षांनी मी हे लिहितो आहे, कारण त्या वेळी खुलासा विचारायलाही कोणी आलं नाही.

अशा वेळी पंपवाले शेठ मात्र आले. ते निर्यातदार, शीर्षक 8413, वर्षाला फार तर तीस कंटेनर. पूर्वी एकदा त्यांचा लेटर ऑफ क्रेडिटचा (ठरलेले कागद दिले की बँक पैसे देते, अशा व्यवहाराचा) माल लोड झाला तेव्हा तीन पेट्यांच्या फळ्या फुटलेल्या होत्या आणि जहाजावरच्या मेट या अधिकाऱ्याने पावतीवर तसा शेरा मारला. असा शेरा बीएलवर आला की तो क्लीन, म्हणजे बिनशेऱ्याचा, राहत नाही आणि बँक पैसे देत नाही. जहाज कंपनीला हमीपत्र देऊन शेरा काढून घ्या, असा सल्ला त्यांना सगळ्यांनी दिला होता. भागीदाराने त्या तीन पेट्या उतरवल्या, सुतार बोलावला, नव्या फळ्या मारल्या आणि त्याच जहाजात परत चढवल्या. कागद बँकेत एकवीस दिवसांच्या आत गेले. शेठ ते विसरले नव्हते. आमच्या कचेरीत दोनच टेबलं उरली होती, त्यातल्या एकावर त्यांनी तीन महिन्यांची फी आगाऊ ठेवली आणि म्हणाले, “तुम्ही माझा पंप पंपच लिहिता ना? मग झालं.”

त्या पैशांवर हमी पुन्हा उभी राहिली. बाकीची वर्षं भराभर गेली. भागीदार आता नाही. कटरला मी तेल देतो.

ओघात आलंच आहे म्हणून नव्या निर्यातदारांना सांगतो. कंटेनरच्या मालाला एफओबीवर, म्हणजे माल जहाजावर चढवून देण्याच्या अटीवर, करार करू नका. तुमचा माल टर्मिनलच्या दारात दुसऱ्याच्या हाती जातो, पण जहाजावर चढेपर्यंतची जोखीम तुमच्या गळ्यात राहते. एफसीए लिहा, म्हणजे ठरलेल्या जागी माल वाहतूकदाराच्या हाती दिला की तुमची जोखीम संपते. या व्यापारी अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या, इन्कोटर्म्सच्या, 2020 च्या आवृत्तीत तर एफसीएवर जहाजावर चढवल्याची नोंद असलेला बीएल मिळवायची सोयही आहे, म्हणजे बँकेची सबब उरत नाही. आणि वजन. 1 जुलै 2016 पासून सोलास या समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारान्वये भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. काट्यावर नेऊन वजन करा, अंदाजाने आकडा लिहू नका. त्या आकड्यावर जहाजात कंटेनर कसे रचायचे ते ठरतं आणि त्या जहाजावर माणसं असतात.

समोरची पेढी आजही आहे, आमच्यापेक्षा मोठी आहे. त्यांच्या माहितीपत्रकात प्रामाणिकपणावर एक पूर्ण पान आहे. ते मी वाचलं आहे.

गेल्या वर्षी सायकलींचा तो आयातदार परत आला. केस पांढरे झालेले, बरोबर मुलगा. जुन्या गोष्टीचा एक शब्द नाही. कागद पुढे ठेवले. एकच बीएल, एकच इन्व्हॉइस, आणि वर्णनासमोर त्याच्याच कचेरीतून टाइप होऊन आलेलं 8712. मी कंटेनरचा नंबर हिशेबातून काढला, बरोबर आला. मग डिमरेजची अनामत आधी मागितली. त्याने तिथेच धनादेश लिहिला.