इंजिन चांगलं होतं, पटरी खराब होती

माझं दारव्ह्याला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. सबमर्सिबल, मोनोब्लॉक, उन्हाळ्यात कूलरचे पंप, फार तर एखाद्या मिक्सरचं आर्मेचर. मे महिन्यात टेबलावर कूलरच्या मोटरींचा ढीग पडलेला असताना आमच्या जुन्या गुरुजींचा फोन आला, म्हणे इंजिन बंद पडलं, येऊन जाय. मी म्हटलं गुरुजी डिझेलचं काम मी नाही करत, पांडूच्या तिकडे पाठवा. तर म्हणते, "अरे डिझेल नाही बाप्पा, रेल्वेचं आहे." आता 45 डिग्रीत माणसाचं काही खरं नसतं म्हणून मी गाडी काढली आन् गेलो खेड्यावर.

जाऊन पाहतो तर अंगणभर खरोखरची पटरी! गुरुजींचा मोठा पोरगा जर्मनीत असतो, त्यानं तिथून एलजीबी कंपनीच्या खेळण्यातल्या रेल्वेचा सेट आणलेला. ही न्यूरेंबर्गची गाडी, 1968 साली बाजारात आली, आन् जगभर लोकं घरातल्या टेबलावर नाही तर बागेत, झाडाझुडपातून चालवतात, पाऊस लागला तरी चालते. पटरी पितळेची, दोन रुळांतलं अंतर 45 मिलिमीटर. गुरुजींनी ओट्यापासून तुळशीला वळसा, मग लिंबू, मग पार मागं शेवग्यापर्यंत आन् परत, अशी लाईन टाकली होती, खाली विटांचा थर, वरून सिमेंट. शेजारचे आबाजी खाटेवर बसून पाहत होते. ते शकुंतलेच्या, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या नॅरोगेज गाडीच्या, लाईनीवर गँगमन होते, म्हणजे पटरीची देखभाल करणारे, सारी नोकरी मूर्तिजापूर-यवतमाळच्या पटरीवर.

मी खाली बसलो तेवढ्यात गुरुजींचा तास सुरू झाला, शाळा सुटली तरी सवय सुटत नाही. म्हणे ही गाडी खऱ्याच्या साडेबावीसावा भाग, मग 45 ला साडेबावीसनं गुणून पाय. मी मोबाईलवर केलं, 1012 आलं. "म्हणजे मीटरगेज, रुळांत एक मीटरचं अंतर. आपली शकुंतला 762 मिलिमीटरची." आबाजी खाटेवरूनच बोलले, "मंग हे अकोला-खंडव्याची गाडी झाली गुरुजी, आपली नोय." गुरुजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

असो. केस अशी होती की गाडी ओट्यावरून झोकात निघायची, लिंबाजवळ हळू व्हायची आन् शेवग्यापाशी उभी राहायची. शहरातल्या एका दुकानदारानं इंजिन नुसतं हातात घेऊन सांगितलं होतं की मोटर जळली, जर्मनीवरून मागवा. आता जळलेल्या मोटरचा वास मला दुकानाच्या दारातून येतो, वीस वर्षं तेच नाकात जाऊन राहिलं, या इंजिनाला काहीच वास नव्हता. उलटं केलं, चाकांना बाईकच्या बॅटरीचे 12 व्होल्ट लावले तर चाकं एकदम मस्त फिरली. बरं जी मोटर जळते ती सगळीकडेच बंद पडते ना, शेवग्याचं झाड पाहून थोडीच बंद पडते.

मग मल्टिमीटर लावला. ओट्यावर 18 व्होल्ट, शेवग्यापाशी पण जवळपास 18. गुरुजी म्हणे पाय, करंट तर येऊन राहिला. पण हे मीटरचं दाखवणं फसवं असतं, कारण मीटर करंट ओढतच नाही, लोड टाकल्याशिवाय खरं कळत नाही. डिक्कीत ट्रकचा 24 व्होल्टचा बल्ब होता तो दोन रुळांत धरला, ओट्यावर बल्ब चांगला पेटला, लिंबाजवळ पिवळा, आन् शेवग्यापाशी नुसती तार लाल, मीटर बघतो तर 7 व्होल्ट. डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, लांब शेवटच्या वावरातल्या पंपाची जी गत होते तीच ही. या गाडीत एक रूळ प्लस आन् एक मायनस असतो, करंट पटरीतूनच जातो, आन् प्रत्येक जोडावर फिशप्लेटमध्ये, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीत, धूळ आन् काळपट थर बसलेला. एकेका जोडानं थोडे थोडे व्होल्ट खाल्ले की शेवटपर्यंत उरतं काय.

मी जोड उघडायला गेलो तर हालेच ना. दोन रूळ एकमेकांत रुतून बसलेले, आन् शेवग्याजवळ तर पटरी बाहेरच्या बाजूला फुगलेली. तेव्हा आबाजी उठले. काठी टेकत पूर्ण लाईन चालून आले, एकदा वाकून डोळा रुळाच्या रेषेत लावला आन् म्हणे, "गुरुजी, कवा टाकली हे?" डिसेंबरात. "गॅप किती ठेवली?" गुरुजी गप. पितळ लोखंडापेक्षा जास्तच वाढतं, 30 डिग्रीचा फरक पडला तर मीटरला अर्ध्या मिलिमीटरच्या वर जातं, वीस मीटर लाईनीला सेंटिमीटरपेक्षा जास्त, आन् सिमेंटात जखडल्यावर ते जाईल कुठं. वरून आपली काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, त्यानं विटांचा थर पण एका बाजूला कलंडलेला.

आबाजींनी जो ताबा घेतला ना मग! गुरुजींच्या नातवाला सबल आणायला लावली, सिमेंट फोडलं, मुरूम आन् वरून बारीक गिट्टी, म्हणे पटरी बांधून नाही ठेवायची, गिट्टीत बसवायची. गॅपसाठी घरात पडलेल्या लग्नपत्रिकेचा कागद जोडात घातला. मी म्हटलं आबाजी दोन कागद घाला ना. तर म्हणे, "भर उन्हात गॅप कमीच ठेवा लागते बावा, आता पटरी आधीच ताणलेली हाय. थंडीत टाकली असती तं जास्त ठेवली असती." हे काही मला माहीत नव्हतं.

त्यांच्या मागं मागं मी जोड घासत गेलो, प्रत्येक जोडावरून मऊ वायरचा ढिला तुकडा सोल्डर केला, म्हणजे रूळ सरकला तरी वायर तुटायला नको. साधा 25 वॅटचा सोल्डर इथं चालत नाही, पितळ सगळी उष्णता खाऊन टाकतं आन् तोवर खालचे प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात, मोठा सोल्डर पाहिजे आन् हात झटपट पाहिजे. शेवटी ओट्यापासून शेवग्यापर्यंत अडीच एमएम वायरची वेगळी जोडी टाकली, लाल ज्या रुळाला इकडे त्याच रुळाला तिकडे, उलटं झालं की सरळ शॉर्ट.

चहा झाला, गुरुजींनी नॉब फिरवला, गाडी शेवग्याला न थांबता वळसा घालून आली. आबाजी म्हणे शकुंतलेचं 1921 चं मँचेस्टरचं इंजिन 1994 पर्यंत वाफेवर चाललं, त्याले कोणी नाव नाही ठेवलं, गाडी हळू करा लागे ते आमच्या पटरीपायी. हे बोलताना ते हसत होते पण गमतीनं नव्हते बोलत.

बिलाची वेळ आली तर गुरुजी म्हणे पोराला पाठवायचं आहे, नीट लिही. माझ्या बिलबुकात छापलेलं आहे, "मोटर, एचपी, वायंडिंग". मोटरला तर हातच नव्हता लावला. मी विचारलं काय लिहू, तर आबाजी खाटेवरून, "लिहा, पटरी दुरुस्ती, एक गँगमन, एक खलाशी." रेल्वेत खलाशी म्हणजे हाताखालचा माणूस, म्हणजे मी.