बर्फाची पेटी

"आता बांगडा माझ्या पैशाचा, मग भावपण माझाच!" हर्णै बंदरावर मावशींनी गिऱ्हाइकाला ठणकावलं.

पूर्वी लिलावासाठी सावकाराकडून सकाळी नऊशे घ्यायच्या, संध्याकाळी हजार परत. अंधार पडला की उरलेली मासळी मिळेल त्या भावात द्यावी लागे. यंदा बचत गटातून कर्ज काढून बर्फाची पेटी घेतली. झाकण उघडून दाखवलीसुद्धा. बर्फाच्या चुऱ्यात उद्यासाठी राखलेले बांगडे. किती अभिमान होता चेहऱ्यावर!

नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये असे गट बँकांना जोडायला घेतले. तारण नाही, बायकांची एकमेकींना हमी. मला हे फार मोलाचं वाटतं.

पण जून-जुलैत मासेमारी बंद, हप्ता मात्र चालूच. ते दोन महिने सोडून हप्ते का बांधून देत नाहीत?