फ्लश थांबला, पण गेट व्हॉल्वसाठी वणवण चालूच

मागच्या वेळी माशांच्या टाकीसाठी घेतलेल्या, तासाला 5000 लिटरच्या डीसी पंपाचं तोंडभर कौतुक केलं होतं, ते निम्मं मागे घेतो. पंप ठीक आहे. टाकीतून पाणी खाली नेणाऱ्या एक इंची ड्रेनवर डर्सो (टोपीला हवेचं भोक असलेला उभा पाइप) बसवून त्याच्या उरावर एवढा पंप घातला, तो शहाणपणा माझा.

लक्षणं तुमच्या ओळखीचीच. टाकीच्या ओव्हरफ्लो बॉक्समध्ये पाणी हळूहळू चढतं, मग 'घळ्ळ' करून सम्पात (खालच्या फिल्टरच्या टाकीत) उतरतं, की पुन्हा चढायला लागतं. मिनिटाला एकदा. रात्री सांगलीतलं आमचं विश्रामबाग शांत झालं की घरात कुणीतरी सारखं फ्लश ओढतंय असं वाटायचं. आई रोज सकाळी विचारायची, "काय रे, आयर्विनखाली किती फूट?" आपल्याकडे पोरासोरांनाही आयर्विन पुलाखाली कृष्णेची पातळी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे पाठ. माझ्या टाकीत इशारा ते धोका सगळं मिळून 4 सेंटिमीटर!

आधी बादली. रिटर्नचा (सम्पातून पाणी वर आणणाऱ्या पाइपाचा) नॉझल 20 लिटरच्या बादलीत धरला, फुल स्पीडला 19 सेकंदांत भरली. म्हणजे तासाला जेमतेम 3800. खोक्यावरचे 5000 हे शून्य उंचीचे, इथे दीड मीटर चढ आणि तीन एल्बो आहेत. एक इंची डर्सोकडून दोन-सव्वादोन हजारांच्या वर मागू नये, म्हणून 2000 वर आणला. तरी फ्लश! डर्सोच्या टोपीचं भोक 2 एमएमचं 4 केलं, 4 चं 6 केलं. फक्त आवाजाची पट्टी बदलली. आठ दिवस यात गेले.

तासगावचे दाजी शनिवारी आले. द्राक्षबाग, ठिबक, हयात पाइपात गेलेली. स्टँडमागे वाकून बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, हवा कोंडलीया की हितं. आम्ही लाइनच्या उंचवट्याला एअर व्हॉल्व लावतो, तुम्ही उंचवटाच करून ठेवलाय!" खरंच. ड्रेनचा फ्लेक्सिबल होज सम्पाच्या काठावरून उंटासारखा वर जाऊन खाली येत होता, आणि टोक पाण्यात चांगलं सहा इंच बुडालेलं. हवेला बाहेर पडायला जागाच नव्हती. ती साठायची, जोर झाला की एकदम सुटायची.

होज फेकला. सरळ पीव्हीसी, 90 च्या एल्बोऐवजी दोन 45 चे, टोक पाण्याखाली फक्त इंचभर. 20 लिटरला 32 सेकंद, म्हणजे 2250, आणि आवाज नाही. कान लावून बघितलं, नाही! 324 लिटरच्या टाकीला तासाला सात फेऱ्या, एंजल माशांना याहून जास्त कशाला हवंय.

वीज गेल्यावर नॉझलपर्यंतचं पाणी सम्पात उतरतं, त्याचा हिशोबही केला. टाकी 120 बाय 45, म्हणजे एक सेंटिमीटरला 5.4 लिटर. नॉझल 5 सेंटिमीटर खाली होता: 27 लिटर, वर बॉक्स आणि पाइपांतलं वेगळं. सम्पात रिकामी जागा 36. फार काठावर. नॉझल 2 सेंटिमीटर खोलीवर घेतला आणि पाण्याच्या रेषेलगत सायफन तोडायचं भोक पाडलं. एनआरव्हीवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या व्हॉल्ववर) माझा विश्वास नाही, क्षार बसले की तो उघडाच राहतो. उलट बाजूही बघा: ड्रेन तुंबला तर रिटर्न चेंबरमधलं (सम्पातल्या पंपाच्या कप्प्यातलं) जास्तीत जास्त 20 लिटर वर जाणार, आणि वरच्या 4 सेंटिमीटरमध्ये 21.6 मावतात. सुटलो, पण दीड लिटराने.

इथेच थांबणार होतो, पण हे लिहिता लिहिता सुचलं: रिटर्न काठावरून आत घेतला तर बॉक्समधलं त्याचं पाऊण इंची भोक मोकळं होतं. ते इमर्जन्सी (मुख्य ड्रेन तुंबला तर पाणी नेणारी जादा वाट) करायचं आणि एक इंचीला फुल सायफन (हवेशिवाय पूर्ण भरून वाहणारा पाइप), म्हणजे हर्बी पद्धत! मग 3800 सुद्धा खाली जाईल. फक्त पाऊण इंची इमर्जन्सी एकटी 3800 पेलणार नाही, तेव्हा पंप 2250 च्या आसपासच ठेवायचा आणि ड्रेन मुद्दाम तुंबवून बघायचं.

अडलंय गेट व्हॉल्वपाशी. सायफनची बारीक जुळणी बॉल व्हॉल्ववर होत नाही, केसभर फिरवला की पातळी दोन इंच हलते. ठिबकच्या कृपेने सांगलीत यूपीव्हीसीचं (कडक प्लास्टिकचं) काय वाटेल ते मिळतं, पण गणपती पेठेत तीन दुकानं फिरलो, तिन्हीकडे बॉल व्हॉल्वच पुढे केला. एकाने विचारलं, "मोटर किती एचपी?" 40 वॉट म्हटल्यावर तो चहा प्यायला गेला. पितळी गेट होता, पण माझ्याकडे कोळंब्या आहेत, तांबं नको. यूपीव्हीसीचा एक इंची गेट कुणी मिरजेत किंवा कोल्हापुरात बघितला असेल तर सांगा. टँक निपल आणि वायसर आणून ठेवलेत.