हं

परवा एका मैत्रिणीला भलामोठा मेसेज लिहिला. बरेच दिवस मनात साचलेलं सगळं ओतलं. तासाभराने उत्तर आलं, 'हं.'

पुढची अख्खी संध्याकाळ मी त्या एका अक्षराचा अर्थ लावत बसले. रागावली? कंटाळली? की 'कळलं गं, पुरे आता'? शेवटी न राहवून फोन केला, तर म्हणाली, "अगं, दोन्ही हातांत पिशव्या होत्या. अंगठ्याने तेवढंच जमलं."

हेच 'हं' तिने समोर बसून म्हटलं असतं तर कोडं पडलं नसतं. मराठीत 'हं' हा शब्द कमी आणि सूर जास्त. 'हं, मग?' वेगळा, 'हं?' वेगळा. लांबवलेला 'हंऽऽ' म्हणजे चोरी पकडली. 'पडशील हं' यात काळजी, 'बघ हं' यात दटावणी आणि 'येते हं' म्हणणाऱ्या बाईचा पाय तर अजून अर्धा तास दारातून निघत नाही. टाइप केलेल्या 'हं'मध्ये यातलं काहीच नसतं. नुसता डोक्यावर टिंब घेतलेला ह.

गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. तो थांबला की सांगणारा लगेच विचारतो, "झोपलास का रे?" २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांमधली संभाषणं तपासली होती. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद जातात, असं त्यात दिसलं. जेमतेम पापणी लवते तेवढा वेळ! मेसेजात तेवढ्याचे तास होतात, आणि त्या रिकाम्या जागेत मन नको नको ते भरत राहतं. व्हॉट्सअ‍ॅपने २०१४ मध्ये निळ्या खुणा आणल्या, त्याने तर दुखणं वाढलंच. वाचलंय हे कळतं. ऐकलंय का, ते कळत नाही.

जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला. नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरने संगणकावरून रिचर्ड जार्विस यांना नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. जार्विस यांच्या फोनवरून उलट मेसेज पाठवायची सोयच नव्हती. म्हणजे सुरुवातच हुंकाराविना!

त्याच्याही दहा वर्षं आधी, १९८२ मध्ये, स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने कोलन, आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला होता. का, तर पडद्यावर लिहिलेली थट्टा लोकांना खरीच वाटत होती. आता तर चेहऱ्यांचा बाजार भरलाय. पण डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारा तो चेहरा मी कित्येकदा अगदी सुतकी तोंडाने पाठवला आहे. तुम्हीही पाठवला असणार.

मेसेजला नावं ठेवताना जरा जपूनच बोलायला हवं म्हणा. माझं 'चुकलं माझं' तोंडातून कधी फुटलं नसतं, ते लिहून तरी गेलं. मला सलतंय ते वेगळंच. अलीकडे माणूस समोर असतानाही माझा हुंकार चुकतो. मागे भाऊ काहीतरी सांगत होता, माझी नजर फोनवर. मी अधूनमधून 'हं' टाकत होते. तो म्हणाला, "नोकरी सोडावी म्हणतोय." मी म्हटलं, "हं, छान." तो गप्प झाला. ती शांतता माझ्या कानापर्यंत पोचायला बराच वेळ लागला.

काल त्या मैत्रिणीचा चार मिनिटांचा आवाजी मेसेज आला. एरवी मी असले मेसेज दीडपट वेगाने ऐकते, काल तसाच लावला. ती बोलता बोलता मध्येच थांबत होती, जरा वाट पाहून पुढे जात होती. तिसऱ्यांदा ती थांबली तेव्हा घरात कोणी नसताना मी मोठ्याने म्हटलं, "हं."

आणि ती पुढे बोलू लागली.