शॉकअप मागंपण पाहिजे का?

सायकलीला मागंपण शॉकअप पाहिजे का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतोच. कधी साताऱ्याच्या डोंगरात (आपल्या संभाजीनगरच्या साताऱ्याच्या, खंडोबाच्या मागं) कुणीतरी हात करून थांबवतं, कधी वाळूजला शिफ्ट सुटल्यावर गेटवर. "दादा, पहिलीच फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढं-मागं दोन्हीकडं शॉकअपवाली, घ्यायलोय. कोणती घेऊ?" मी मेंटेनन्सचा माणूस. मला आधी सुचतं ते उलटंच: बिघडली की कुठं नेणार?

ते येईलच पुढं. आधी मागचं शॉकअप कशाला असतं, ते. जवळपास सगळ्यांना वाटतं ते आरामासाठी असतं. रस्ते आपले असे, कंबर धरते, म्हणून मागंपण शॉकअप. एवढंच दुखणं असेल तर जाड टायर टाका, हवा थोडी कमी ठेवा, आणि खड्डा आला की सीटवरून जरा उठा. फुकटात काम होतं. मागच्या शॉकचं काम वेगळं आहे. सुलीभंजनच्या टेकडीवरून पायवाटेनं उतरताना मुरमावर नारळाएवढे सुटे दगड असतात. साध्या सायकलीचं मागचं चाक दर दगडावर उडतं, आणि हवेतल्या चाकाला ब्रेक दाबला की ते तिथंच लॉक होतं. मग जमिनीला टेकतं ते घसरतच. शॉक असला तर चाक दगडावर चढतं, पलीकडं उतरतं, पण जमीन सोडत नाही. पैसे त्या पकडीचे द्यायचे असतात.

म्हणून मी उलटा प्रश्न विचारतो, चालवता कुठं? रविवारी सकाळी दौलताबादचा घाट, खुलताबाद, तिथून वर म्हैसमाळ, चहा-भजी आणि परत, असा कार्यक्रम असेल तर घेऊ नका. ती सगळी डांबरी सडक. तिथं मागचा शॉक दर पायडलला डुलत राहतो आणि तुमच्या पायातलं थोडं थोडं खात राहतो. लॉक करायचा खटका बऱ्याच शॉकना असतो, पण जी गोष्ट कायम लॉकच ठेवायची तिला एवढे पैसे घालायचे कशाला? शेतातल्या गाडीवाटेसाठीसुद्धा फक्त पुढं शॉकअप असलेली, म्हणजे हार्डटेल, पुरते. शेळ्यांच्या वाटेनं दगडातून खाली यायचा नाद ज्याला खरंच लागलाय, त्यानंच पुढचं वाचावं.

आणि नाद लागायला शॉकअप लागत नाही, हेही आहे. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीतली पोरं १९७६ मध्ये डोंगरावरून खाली शर्यती लावायला लागली, ती जुन्या जड सायकलींवर. शॉकअप पुढंही नाही, मागंही नाही. पायडल मागं फिरवून लागणारा ब्रेक उतरताना इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर नवं भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. मला हे लोक फार जवळचे वाटतात.

आता बाजारात पंधरा हजारांच्या आत 'डबल शॉकअप' म्हणून जे मिळतं, त्याबद्दल. मध्ये उघडी स्प्रिंग, लोखंडी फ्रेम, वजन अठरा-वीस किलो. त्या स्प्रिंगला आवर घालणारं तेल नसतं. दाबली की तेवढ्याच जोरात परत उसळते आणि सीट खालून ढुंगणाला लाथ घालते. त्याच पैशात साधी, शॉक नसलेली सायकल कितीतरी चांगली येते. खरी फुल सस्पेन्शन लाखाच्या बरीच वर जाते. माझी आली तेव्हा वडील गावाकडून, पाटोद्याहून, आले होते. तिच्याभोवती एक चक्कर मारली, मधला शॉक बोटानं दाबून बघितला आणि म्हणाले, "एवढ्यात बैलजोडी आली असती की." मी काय बोलणार.

घ्यायचीच असेल तर मागच्या चाकाची वर-खाली हालचाल १२० ते १३० मिलिमीटर, पुढं १३० ते १४०. बास. दुकानदार १६०-१७० वाली दाखवेल, दिसायलाही मोटरसायकलच्या जवळ जाते, आणि तुमचं मन तिच्यावर बसेल. पण ती सायकल अशा ठिकाणासाठी आहे जिथं वर गाडीनं किंवा रोपवेच्या पाळण्यानं जायचं आणि खाली सायकलनं यायचं. आपल्याकडं शहरातून खुलताबादपर्यंत पंचवीसएक किलोमीटर स्वतःच्या पायांनी जायचं, वर चढायचं, आणि मला माहीत असलेला सगळ्यात लांब उतार दहा मिनिटांत संपतो. त्या दहा मिनिटांसाठी दिवसभर जास्तीचं ओझं ओढायचं, तेही एप्रिलच्या बेचाळीस डिग्रीत?

माप मात्र स्वतःचंच घ्या. 'सूट आहे, पण एल साइजच उरलाय' हे वाक्य ऐकलं की बाहेर पडा. सीट खालीवर होते, हँडलचा दांडा बदलता येतो, फ्रेमची लांबी बदलत नाही.

मागच्या दिवाळीत एक पोरगा घरी आला. नवीकोरी सायकल, तोंड पडलेलं. म्हणाला, "काका, फसलो. शॉकअप कामच करंना." अशा शॉकमध्ये स्प्रिंगच्या जागी हवा असते. पंप लावला तर दाब २२० पीएसआय. पोराचं वजन अठ्ठावन्न किलो. दुकानात कुणीतरी अंदाजानं भरून दिलेलं. शॉकच्या चकचकीत दांड्यावर रबराचं एक बारीक कडं असतं, ते मी दांडा आत जातो तिथल्या सीलपर्यंत सरकवलं. त्याला हेल्मेट घालायला लावलं, पाण्याची पिशवी पाठीवर घ्यायला लावली, भिंतीला हात टेकवून हळूच बसवलं आणि न उसळता उतरवलं. कडं फक्त सहा मिलिमीटर सरकलं होतं. त्याच्या शॉकचा दांडा आत जातो ५० मिलिमीटर, आणि नुसतं बसल्यावर त्याच्या पंचवीस ते तीस टक्के बसायला पाहिजे, म्हणजे साडेबारा ते पंधरा. थोडी हवा सोडली, परत बसवलं, परत सोडली. १४० वर कडं पंधरावर आलं. मग रिबाउंडची, म्हणजे दबलेला शॉक किती वेगानं परत येतो ते ठरवणारी, लाल चकती दोन खटके ढिली केली. गल्लीच्या टोकाच्या गतिरोधकावरून चार फेऱ्या मारून आला आणि काही न बोलता पाचवी मारायला गेला.

हे घरच्या घरी होतं. लागतो तो शॉकपंप, ३०० पीएसआयपर्यंत काटा असलेला, आणि तो सायकलीबरोबरच घ्या. पंक्चरवाल्याकडं शॉकमध्ये हवा भरायला जाऊ नका. त्याची नळी बसते, कारण व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखाच असतो. गडबड तिथंच आहे. त्याच्या कॉम्प्रेसरला तेवढा दाब जमत नाही, आणि शॉकमध्ये हवेची जागा इतकी लहान की नळी काढता काढता असलेलीही निघून जाते.

आता बिघडल्यावर कुठं नेणार, ते. माझी पहिली फुल सस्पेन्शन जुनी घेतलेली होती, दुसऱ्या शहरातून, फोटो बघून. आठवड्यात शॉकच्या दांड्यावर तेल दिसायला लागलं. रात्री हवा भरावी, सकाळी सायकल खाली बसलेली. शॉक बाहेरगावी पाठवला, तीन आठवडे सायकल भिंतीला, आणि मग निरोप आला की या मापाचं सामान आता सहजी मिळत नाही. २०१६ च्या सुमाराला शॉकची मापं बदलली, आधीच्या इंचांतल्या मापांच्या जागी मिलिमीटरची आली, आणि माझी त्याच्या आधीची. चूक माझीच. जुनी घेणार असाल तर शॉकवरचं माप आधी वाचा. मग सीट धरून सायकल वर-खाली करा. मागं 'टक' असा बारीक आवाज आला तर मागच्या फ्रेमच्या हलत्या सांध्यात प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे.

त्या सांध्यांतल्या बेअरिंगना मात्र घाबरू नका. बऱ्याच सायकलींत ती ठरलेल्या नंबरांचीच असतात, ६९०२, ६९००, ६८०२ अशी, आणि एमआयडीसीच्या गावात बेअरिंगचं दुकान शोधावं लागत नाही. फक्त एक विचारा: गोळ्या वेगळ्या ठेवणारा आतला पिंजरा नसलेली, गच्च गोळ्यांची आहेत का. सायकलीचा सांधा पूर्ण फिरत नाही, जागच्या जागी थोडाच हलतो, म्हणून भार घ्यायला जास्त गोळ्या लागतात. मागं सांधे कमी असलेली फ्रेम मी पहिल्यासाठी निवडीन ती याचसाठी. आणि पावसाळ्यात काळ्या मातीतून आलात तर सायकल वॉशिंग सेंटरवर घालू नका. ते प्रेशर सीलच्या आत पाणी ढकलतं, ग्रीस धुऊन नेतं. माती वाळू द्या, काडीनं काढा, बादलीभर पाण्यात फडकं. कंटाळवाणं आहे.

टायरचं एका ओळीत: ट्यूबलेस, दुसरं काही नाही. वेडी बाभूळ आणि सराटे असताना ट्यूब म्हणजे दर रविवारी झाडाखाली बसून जोड लावणं. आतलं सीलंट, म्हणजे भोकं आपोआप बुजवणारं पातळ द्रव, आपल्या उन्हात लवकर वाळतं, उन्हाळ्यात दोन महिन्यांनी टायरची कड उघडून बघा.

कोणत्या कंपनीची, हे मी सांगत नाही, कारण तुमच्या मापाची आणि जिचे शॉकचे सील मागवता येतात ती, एवढं धरलं की पर्याय आपोआप दोन-तीनच उरतात. ते घेऊन या. रविवारी सहाला मी हर्सूलच्या तळ्यापाशी असतो, शॉकपंप माझ्याकडं असतो. वजन तेवढं खरं सांगा, पाठीवरच्या पाण्यासकट.